दहा सेकंदांची शांतता

१

पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं नळांचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या माणसाने घरी बसून काय करावं, याबद्दल खात्याचा कुठलाही नियम नाही. त्यामुळे लोक आपापल्या परीने वाया जातात. कुणी सकाळी फिरायला जाऊन तब्येतीचं बोलतो, कुणी वर्तमानपत्राला पत्रं लिहितो. आमच्या आरेखकांनी इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू केलं.

त्यांना गाता येत नव्हतं. वाद्य म्हणावं असं काही त्यांनी हातात धरलेलं नव्हतं. लग्नापासून आजवर त्यांनी एकदा तरी शीळ घातल्याचं बायकोला आठवत नव्हतं. पण दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीने आपला जुना लॅपटॉप, एक माइक आणि कान पुरते झाकणारा हेडफोन त्यांना देऊन टाकला, आणि इंटरनेटवर त्यांना टोपीवाला भेटला. टोपीवाला म्हणजे उलटी टोपी घालून 'घरच्या घरी संगीत कसं करावं' हे सांगणारा एक चाळिशीतला गृहस्थ. आरेखकांना तो आवडला, कारण तो सूचना क्रमांक घालून देत असे. पस्तीस वर्षांत एकाही साहेबाला हे जमलं नव्हतं.

त्या सूचना त्यांनी जाड कागदावर, नकाशावर गावांची नावं घालतात तशा सरळ अक्षरांत उतरवल्या आणि टेबलासमोरच्या भिंतीला लावल्या. टेबल कोपऱ्यात ठेवू नये, कोपऱ्यात खालचे आवाज फुगतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नयेत, उपयोग शून्य. त्यापेक्षा जाड रजया टांगाव्यात. आवाज बारीक ठेवून काम करावं आणि तासाभराने कानांना सुट्टी द्यावी. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नये, त्याची प्रत काढून प्रतीवर काम करावं. आणि लाल रेघ ओढलेली सहावी: काहीही रेकॉर्ड करण्याआधी रिकाम्या खोलीची दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करावी.

कारण खोली कधीच गप्प नसते. पंखा घरघरतो, भिंतीतून पाइप कुरकुरतो, दिव्याची वायर गुणगुणते. प्रोग्रामला ही दहा सेकंदं ऐकवली की तो खोलीचा आवाज ओळखायला शिकतो आणि पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमधून तेवढाच वेचून काढून टाकतो.

घरात काम करण्याजोगी खोली एकच होती, आणि तिच्या खिडकीपाशी गेली बावीस वर्षं बायकोचं टेबल होतं. ती मुद्रितशोधक. लोकांच्या पुस्तकांची प्रुफं घरी आणून लाल पेन्सिलीने तपासायची. वाचताना तिचे ओठ हलत आणि विरामचिन्हं तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडत. उजव्या चपलेचा पट्टा सैल झालेला होता. पायावर पाय टाकून ती चप्पल अंगठ्यावर झुलवायची, आणि ती टाचेवर आपटायची: चट्-फट.

"दहा सेकंद जरा गप्प बस," आरेखक म्हणाले.

"मी कुठे बोलतेय? बाहेर जाऊ का?"

"कशाला? तू तुझं काम कर. तुझा कसला आलाय आवाज!"

बायकोने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तीस वर्षं तुमच्या घोरण्यात काढली. त्यातली दहा सेकंदं तुम्ही मला परत देताय, मी कशाला नाही म्हणू?"

त्यांनी बटण दाबलं आणि खोली ऐकत असल्यासारखा चेहरा करून छताकडे पाहत बसले. पंखा फिरत होता. बायकोची चप्पल वाजली, तिने घसा खाकरला, 'स्वल्पविराम' पुटपुटत कागद उलटला, आणि ती म्हणाली, "झालं का?"

"झालं," ते म्हणाले, आणि तो नमुना 'खोली' या नावाने ठेवून दिला.

२

निकाल बघून ते खूश झाले. त्यांनी घरातलेच आवाज गोळा केले होते: नळाची टिपटिप, ड्रॉवरची खसखस, स्टीलच्या पट्टीचं थरथरणं, किटलीचं झाकण. 'खोली'चा नमुना तात्पुरता लावून ऐकल्यावर प्रत्येक आवाज असा उठून दिसायला लागला, की जणू कोऱ्या कागदावर शाईची रेघ. त्यांचे तुकडे कापून, एकामागे एक लावून, पुन्हा पुन्हा फिरवून त्यांनी चार मिनिटांची रचना केली. नाव ठेवलं 'जलवाहिनी'. मुलीने ती परस्पर एका रेडिओ केंद्राला पाठवली, आणि केंद्राने कळवलं की पक्की प्रत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आली तर घरगुती कलाकारांच्या कार्यक्रमात वाजवू. त्या दिवशी आरेखक लिफ्टमध्ये अनोळखी माणसाकडे बघून हसले.

इथे त्यांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. नकाशा आधी पेन्सिलीने काढतात, मग शाईने गिरवतात, आणि शाई वाळली की पेन्सिल खोडून टाकतात. पक्कं झालं की कच्चं ठेवायचं नाही. एकदा एका कनिष्ठाने कच्ची प्रत जपून ठेवली, आणि पुढे दोन वर्षं खातं एका अस्तित्वात नसलेल्या व्हॉल्व्हला तेल घालत होतं. तेव्हा टोपीवाला काहीही म्हणो, प्रत वगैरे काढण्याच्या भानगडीत आरेखक पडले नाहीत. साफ केलेला आवाज ते त्याच नावाने, मूळ आवाजाच्या डोक्यावरच ठेवत. मूळ गेलं की गेलं.

सोमवारी दुपारी पक्क्या प्रतीसाठी त्यांनी ड्रॉवर आणि पट्टी साफ केली, हेडफोन उतरवला, आणि खांद्यापाशी चहाचा कप बघून ते खुर्चीतून जवळजवळ पडले.

"चोरासारखी काय येतेस!"

"चोरासारखी?" बायको म्हणाली. "माझी चप्पल खालच्या मजल्यावर ऐकू जाते. त्या बाई परवा म्हणाल्या, तुम्ही उठलात की आम्ही घड्याळ लावतो."

"जरा चालून दाखव."

"आता या वयात चालून दाखवू?" म्हणत ती खिडकीपर्यंत गेली आणि वळून आली. सैल पट्टा सुटत होता, टाचेला लागत होता. आरेखकांनी ते डोळ्यांनी नीट पाहिलं. पट्टा आपटत होता आणि आवाज येत नव्हता. पंख्याचा येत होता. खालून मोटार गेली तिचा आला. चपलेचा नाही.

"नवीन घेतल्यास का?"

"नवीन चपलांचा पट्टा असा असतो?"

त्यांनी चहा घेतला. गरम होता. त्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

३

कानाचे डॉक्टर म्हणजे अतिशय मोठ्याने बोलणारे गृहस्थ. बहुधा धंद्याची सवय. त्यांनी आरेखकांना काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या, त्यांच्या हातात बटण दिलं, आणि बाहेर आल्यावर आलेख समोर धरला. आलेख आरेखकांना लगेच कळला. इतकी सरळ रेघ त्यांनी स्वतः क्वचित काढली असेल.

"कान उत्तम! साठी उलटलेल्या माणसाचे असे कान वर्षात एखादे बघतो मी."

"पण मला हिची चप्पल ऐकू येत नाही."

"बायकोचं ऐकू न येणं हा आजार रोज येतो माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले, "पण त्यात फक्त चप्पल ऐकू न येणारा पहिलाच!" आणि स्वतःच हसले. मग बायकोकडे वळले. "तुम्हाला काही त्रास?"

"माझा आवाज जरा बसल्यासारखा वाटतोय," बायको म्हणाली. "सकाळपासून."

"काय म्हणालात?"

"आवाज. बसलाय."

डॉक्टर पुढे झुकले. "जरा मोठ्याने."

बायको ओरडली. तिच्या मानेवरची शीर तटतटलेली आरेखकांना दिसली, आणि कानावर जे आलं ते शेजारच्या खोलीत कुणी पुटपुटावं तसं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली. ऐकू न आलेला सभ्य माणूस डोलावतो तशी.

परत येताना लिफ्टमध्ये ती म्हणाली, आणि ते ऐकायला त्यांना वाकावं लागलं, "अहो, मी तिथे ओरडले."

"बघितलं मी."

"मग त्यांनी मान का डोलावली?"

"कानाच्या डॉक्टरचे कान कोण तपासणार?" आरेखक म्हणाले. विनोद बरा होता. दोघंही हसले नाहीत.

त्या रात्री अंथरुणात त्यांनी स्वतःशी वाद घातला. सोमवारी ड्रॉवर साफ केला, सोमवारी चप्पल गेली. मंगळवारी नळ साफ केला, मंगळवारी आवाज बसला. पण दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणजे एक दुसरीमुळे घडली असं नव्हे. तसं असतं, तर साहेबांच्या बदलीचं श्रेय निम्म्या खात्याला द्यावं लागलं असतं. या युक्तिवादात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तरी झोप लागली नाही. शेजारी बायको झोपली होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून ते तिच्या पाठीवर हात ठेवून तो मोजत राहिले.

४

बुधवारी त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. गुरुवारी उघडला. शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता, किटली तेवढी राहिली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडून नळाखेरीज काहीतरी मागितलं होतं. एकच तर आवाज आहे, ते स्वतःला म्हणाले. किटलीचा आणि घशाचा संबंध काय?

त्यांनी किटली साफ केली, त्याच नावाने ठेवली, आणि हेडफोन काढला.

खोली स्वच्छ झाली होती. असंच म्हणावं लागेल. बायको खिडकीपाशी बसलेली, ओठ हलताहेत, लाल पेन्सिल समासात खुणा करतेय, चप्पल अंगठ्यावर झुलतेय. कशाचाच आवाज नाही. तिने कागद उलटला. कागद पडद्यावरच्या चित्रासारखा उलटला.

तेवढ्यात फोन वाजला. तो व्यवस्थित वाजला. बायकोने उचलला, बोलायला लागली, थांबली, पुन्हा बोलली, मग फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघत राहिली. आरेखकांनी तो तिच्या हातातून घेतला.

"बाबा? कोण होतं आत्ता?" मुलगी विचारत होती. "उचलून कुणी बोलतच नाही. भुताटकी आहे का घरात?"

"आई होती तुझी."

"मग दे ना तिला."

बायको त्यांच्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तोंड उघडं, गळा ताणलेला. 'अगं मी आहे, मी,' असं ती म्हणत असावी. ओठांवरून तेवढं कळत होतं.

"तिचा घसा बसलाय," आरेखक म्हणाले. "शनिवारी ये तू."

"येतेच आहे. रेडिओला पाठवलंत का?"

"उद्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बायकोने एका प्रुफाचा समास फाडला. बावीस वर्षांत तिने लोकांच्या कागदाला सुरकुती पडू दिली नव्हती. फाटतानाचा आवाज आला नाही. त्या पट्टीवर तिने लाल पेन्सिलीने लिहिलं: 'मला माझाच आवाज ऐकू येत नाही.' मग खाली, आणखी दाबून: 'तुम्ही काय केलंत?'

५

भिंतीवरच्या सूचनांमध्ये सातवी एक होती, जी आरेखकांनी कधी मनावर घेतली नव्हती. साफ करून झाल्यावर 'फक्त काढलेलं ऐका' हे बटण दाबून बघावं, म्हणजे कचऱ्याबरोबर कामाचं काही फेकलं तर जात नाही ना, ते कळतं. कचरा ऐकत बसायला वेळ कुणाला आहे, असं त्यांनी तेव्हा म्हटलं होतं.

त्यांनी हेडफोन चढवला आणि ते बटण दाबलं.

"—काय करताय, इकडे बघा ना! अहो! ऐकताय का? किती वेळ झाला मी—"

ते गर्रकन वळले. बायको टेबलाला धरून उभी होती, आणि तिचे ओठ कानातल्या शब्दांबरोबर हलत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. काहीही वाजत नव्हतं. वाजताना पुढे सरकणारी उभी रेघ एका जागी थिजलेली होती.

त्यांनी हेडफोन काढला. खोली. पंखा. पुन्हा घातला.

"—डोळे असे काय करताय? मला भीती वाटतेय हो."

"ऐकू येतेयस," आरेखक म्हणाले. त्यांनी हेडफोनवर बोट ठेवलं. "इथे येतेयस. यात."

बायको मटकन खुर्चीत बसली. तिचं रडणं त्यांना दोन्ही कानांत ऐकू आलं, इतकं जवळून की तीस वर्षांत ते इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. नाक ओढल्याचं, पदरात घेतलेल्या हुंदक्याचं. आणि खाली कुठेतरी चट्-फट.

"बोलत राहा," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. ते तुझं स्वल्पविराम वगैरे."

"इतकी वर्षं त्यावरून मला बोलत होतात." ती रडता रडता हसली. मग चष्मा पुसून सरळ बसली. चूक सापडली की ती अशीच बसायची. "त्या दिवशी तुम्ही दहा सेकंद घेतलीत तेव्हा मी इथे होते. तुमच्या त्या यंत्राला वाटतंय, मी म्हणजे पंखा."

आरेखकांना हे उत्तर माहीत होतं. सोमवारपासून माहीत होतं.

"मूळ रेकॉर्डिंगं लावा परत. प्रत ठेवलीच असेल."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली.

"खोडलीत?"

"शाई वाळल्यावर..." एवढंच त्यांना म्हणता आलं.

"अहो," कानातून आवाज आला, अगदी हळू, "मी काय पेन्सिल होते?"

 उपाय मात्र होता, आणि तो त्यांनी बसल्या बसल्या कागदावर क्रमांक घालून लिहून काढला. नमुना चुकला, तर नमुना पुन्हा घ्यायचा. या वेळी सहावी सूचना अक्षरशः पाळायची. रिकामी म्हणजे रिकामी. दोघांनी बाहेर जायचं, दार लावायचं, दहा सेकंदं मोजायची, आणि प्रोग्रामला खरी खोली ऐकवायची, म्हणजे तो जे खोलीचं नाही ते सोडून देईल.

"जमेल?" बायकोने विचारलं.

"न जमायला काय झालं?"

"तुमच्या हातून माझा फुकटात बळी नको जायला," ती म्हणाली. पण ती उठायला लागली होती.

६

दुपारचे चार वाजले होते. उन्हाचा पट्टा बायकोच्या टेबलावर होता.

बटण दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी प्रोग्राम पाच सेकंद थांबत असे. तेवढ्यात बाहेर पडायचं होतं. आरेखकांनी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला, माइकची वायर बघितली, बटण दाबलं आणि हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर धरून दाराकडे निघाले.

"चल," ते म्हणाले. "चल, चल, लवकर."

मागे चट्-फट वाजलं.

त्यांना ओरडावंसं वाटलं. सोमवारनंतर पहिल्यांदा, हेडफोनशिवाय, उघड्या कानांनी. नुसता नमुना बदलायला घेतला तर एवढा गुण! चट्-फट त्यांच्या मागोमाग दारातून बाहेर आलं. त्यांनी हात मागे नेऊन दार ओढून घेतलं. वळले नाहीत, कारण डोळे सेकंदाच्या काट्यावर होते आणि कामाच्या वेळी डोळा हलवायचा नाही ही शिस्त होती.

आतल्या बोळात खिडकी नव्हती. दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या टोकाला होतं. अंधारात त्यांच्या खांद्यामागे कुणीतरी घसा खाकरला.

"आला बघ आवाज!" आरेखक कुजबुजले.

"स्वल्पविराम," ती पुटपुटली.

ते हसले. हसू बाहेर पडू नये म्हणून त्यांनी तोंडावर मूठ धरली. आठ. नऊ. कागद सळसळल्यासारखं झालं. दहा. आणखी दोन, खात्रीसाठी.

"झालं का?"

"झालं," ते म्हणाले. "झालं गं, झालं!" आणि दार उघडून थेट लॅपटॉपकडे गेले.

७

'जुना नमुना काढून नवा ठेवायचा?' प्रोग्रामने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. सवयीचा हात, विचारायच्या आधीच गेला.

मागे चट्-फट. मग घसा खाकरल्याचं. मग "स्वल्पविराम". कागदाची सळसळ.

"झालं का?"

"हो, म्हटलं ना."

ते 'जलवाहिनी' उघडून बसले. आता ती पाठवायला हरकत नव्हती. किंवा नाही पाठवली तरी चालणार होतं. शनिवारी मुलगी येईल, तिला सगळं गंमत म्हणून सांगू.

चट्-फट. घसा. "स्वल्पविराम." सळसळ. "झालं का?"

या वेळी त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांचा पाय हलायला लागला होता. टेबलाखाली, आपोआप, ठेका धरून. गेले चार महिने ते रोज हेच करत होते: आवाजाचा तुकडा कापायचा आणि पुन्हा पुन्हा फिरवायचा. तुकडा फिरतोय हे मेंदूच्या आधी पायाला कळतं.

चट्-फट. घसा. "स्वल्पविराम." सळसळ. "झालं का?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा सेकंद. पुन्हा पाहिलं. दहा. "झालं का" मधला 'का' दर वेळी तेवढाच वर जात होता, त्या पहिल्या दुपारी गेला होता तेवढाच.

त्यांच्या हातून पेन्सिल पडली, किंवा त्यांनी ती पाडली. ती उचलायला ते वाकले. खुर्चीच्या पायांमधून मागे खिडकीखालची फरशी दिसत होती, तिच्यावर ऊन होतं, आणि उन्हात बायकोच्या चपला होत्या. डावी सरळ. उजवी पालथी पडलेली. घाईत पायाने चाचपून उलटावी तशी.

चट्-फट, खोलीच्या मधोमध वाजलं.

ते सावकाश वर आले. पेन्सिल खालीच राहिली. बराच वेळ हात न लागल्याने लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता, आणि त्या काळ्यात खोली उमटली होती: खिडकीचा चौकोन, चौकोनासमोर बायकोची खुर्ची, रिकामी. आणि खुर्ची आणि ते स्वतः यांच्या मधोमध, उंचीने बायकोएवढं. तेवढं दिसलं आणि त्यांनी नजर खाली केली.

हेडफोनची एक वाटी त्यांनी डाव्या कानाला लावली. उजवा कान उघडा राहिला.

"अहो," वाटीत बायको कुजबुजली. "मी थांबा म्हणत होते. चप्पल सापडत नव्हती. किती हाका मारल्या, तुम्ही ते कानावरून काढून ठेवलं होतं. दार लावून घेतलंत माझ्या तोंडावर." तिला धाप लागली होती. "कुणाला घेऊन बाहेर गेलात?"

त्यांनी तोंड उघडलं.

"बोलू नका. मी माझ्या जागेवरच आहे, खुर्ची रिकामी दिसत असली तरी. मला दिसतेय ती. मागे वळू नका हं. आणि हे बघा, ती विचारते तेव्हा तुम्ही उत्तर देता. दाराबाहेर दिलंत, ती आत आली. इथे दिलंत, ती पुढे सरकली. ऐकताय ना? नुसती मान हलवा."

त्यांनी मान हलवली.

उजव्या कानात चट्-फट वाजलं. त्यांच्या खुर्चीच्या मागे. आरेखक मोजायला लागले, कारण मोजण्याखेरीज करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चार. घसा खाकरला गेला. मानेवर वाऱ्याचा स्पर्श मात्र झाला नाही. सहा. "स्वल्पविराम." डाव्या कानात बायकोने श्वास रोखून धरला. आठ. सळसळ.

"झालं का?"

त्यांनी दोन्ही ओठ दातांखाली दाबून धरले. दहा. आता पुन्हा चट्-फट वाजेल. वाजायलाच हवं, तुकडा फिरतो तो असाच फिरतो.

अकरा. बारा. पंखा फिरत होता.

वाजलं नाही. मागे जे होतं ते थांबलं होतं, उत्तर येईपर्यंत.